शाखेचं नाव नको, काम बघा

बारावीचा निकाल लागला की घरोघरी तोच वाद रंगतो. ‘एआय-डेटा सायन्स’ घ्यायचं की ‘कॉम्प्युटर’? ‘आयओटी’ नावाची शाखा निघाली आहे म्हणे, ती कशी आहे? ईएनटीसीला आता भाव राहिलाय का? इन्स्ट्रुमेंटेशन बिचारं यादीच्या तळाला, ‘काहीच नाही मिळालं तर’ म्हणून भरलेलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. यंत्रांना सेन्सर लावायचे आणि त्यांच्या आकड्यांवरून निर्णय घ्यायचे, या कामात स्क्रीनवर आलेख काढणारी मुलं भरपूर मिळतात. आकडा आला कुठून, तो खरा आहे का आणि तो बघून कुणी काय करायचं, हे सांगणारी माणसं मिळत नाहीत.

म्हणजे नेमकं काय? चाकण किंवा भोसरीतल्या एखाद्या कारखान्यातली साधी विजेची मोटर घ्या. मिनिटाला साधारण १,४५० ते १,४८० फेरे. तिच्या बेअरिंगमध्ये बारीक खड्डा पडला की सगळ्यात आधी बदलतात ती कंपनं. आवाज नंतर येतो. हाताला चटका बसण्याइतकं बेअरिंग तापलं, तर फार वेळ हातात उरलेला नसतो. जुने फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवून त्याची मूठ कानाला लावत आणि ‘चार-सहा दिवस काढेल’ असा अंदाज सांगत. आता त्या जागी कंपन मोजणारा सेन्सर बसतो. तो सेकंदाला १०,००० वेळा नोंद घेत असेल, तर एका दिवसात एकाच सेन्सरच्या ८६ कोटी ४० लाख नोंदी होतात. कारखान्यात अशा दोनशे मोटरी असल्या तर? ‘बिग डेटा’ म्हणतात तो इथे तयार होतो.

एवढं सगळं वर क्लाउडवर पाठवणं परवडत नाही आणि गरजही नसते. मोटरीजवळ बसवलेला छोटा संगणक, म्हणजे गेटवे, तिथल्या तिथे हिशोब करतो आणि सारांश पुढे पाठवतो. हिशोब कसला? मोटर किती वेगाने फिरते, बेअरिंगमध्ये छर्रे किती आणि केवढे, यावरून खड्ड्याचा ठोका सेकंदाला किती वेळा पडेल हे गणिताने काढता येतं. बाहेरच्या कड्याला खड्डा असेल तर एक संख्या, आतल्या कड्याला असेल तर दुसरी. कंपनांच्या गोंगाटातून नेमका तो ठोका शोधायचा, तोही साइन-कोसाइनच्याच मदतीने. अकरावी-बारावीत साइन-कोसाइन ‘कशाला शिकायचं’ असं विचारणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

आणि एवढं करून सेन्सर जर बेअरिंगच्या घराऐवजी पंख्याच्या पत्र्याच्या कव्हरवर चिकटवला असेल, तर सगळं मुसळ केरात. पत्रा स्वतःच थरथरतो. वर बसलेला विश्लेषक महिनाभर त्या पत्र्याच्या थरथरीचाच अभ्यास करत बसतो.

सगळं नीट जमलं तर मेंटेनन्स मॅनेजरला काय मिळतं? एक वाक्य: ‘सात नंबरच्या पंपाचं बेअरिंग येत्या रविवारच्या शटडाउनमध्ये बदला.’ भर उत्पादनात लाइन बंद पडण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. पण या एका वाक्यामागे सेन्सरची जागा ठरवणारा, गेटवेचा प्रोग्रॅम लिहिणारा, सर्व्हर सांभाळणारा, संख्याशास्त्र जाणणारा आणि मॅनेजरला त्याच्या भाषेत पटवणारा अशी माणसं लागतात. ती पाच वेगवेगळ्या शाखांतून येतात.

नाशिकच्या द्राक्षबागेत हेच दुसऱ्या रूपात दिसतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की बागाईतदाराची झोप उडते ती डाऊनीने. या बुरशीला पानात शिरायला पानावर पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून बागेत हवामान केंद्राबरोबर पानाच्या आकाराची एक पट्टी बसवतात. पान किती तास ओलं राहिलं, हे ती मोजते. ओलेपणाचे तास, तापमान आणि आर्द्रता जुळवून आज फवारणी हवी की नको, हे मोबाइलवर येतं. युरोपला माल पाठवणाऱ्याला औषधांच्या अंशाची मर्यादा सांभाळावी लागते, तेव्हा टळलेली एक फवारणीही मोलाची. आता समजा, भर दुपारी कडक उन्हात पट्टी ‘ओलं’ दाखवते आहे. बंगळुरूच्या ऑफिसातला प्रोग्रॅमर ही सेन्सरची चूक मानून ती नोंद पुसेल किंवा पाऊस धरून चालेल. बागेत वाढलेला मुलगा विचारेल, ‘आत्ता फवारणीचा ब्लोअर फिरला का?’ राहुरी, परभणी, अकोला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री झालेल्या मुलाने पायथन आणि संख्याशास्त्राची जोड दिली, तर या कामात तो निव्वळ कॉम्प्युटरवाल्याच्या पुढे असेल.

सरकारी कामातही हे आहेच. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘ईविन’ या योजनेत लसींच्या फ्रिजमध्ये सिमकार्डवाले तापमापक बसवले गेले. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. काही उष्णतेने बिघडतात, तर हिपॅटायटिस-बीसारखी लस गोठली की वाया जाते. त्यामुळे तापमान वर गेलं तरी आणि खाली घसरलं तरी सूचना जायला हवी.

‘पण हे नवं फॅड नाही ना? चार वर्षांनी ओसरलं तर?’ पालकांची ही धास्ती मला समजते. अशी यंत्रं आपापसांत निरोप पाठवायला ज्या ‘एमक्यूटीटी’ पद्धतीवर आजही मोठ्या प्रमाणात विसंबतात, ती १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार झाली. मूळ काम जुनं आहे, टिकणारं आहे. ओसरतात ती शाखांची नावं. म्हणून सतरा-अठराव्या वर्षी नावावरून शाखा निवडणं मला धोक्याचं वाटतं. चांगल्या कॉलेजातलं इन्स्ट्रुमेंटेशन किंवा ईएनटीसी, यथातथा कॉलेजातल्या ‘एआय-डेटा सायन्स’पेक्षा मी कधीही वर ठेवीन.

इंजिनिअरिंग हा एकच रस्ता नाही, हेही जरा मोकळ्या मनाने बघा. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सकडे आपल्याकडे अजून ‘इंजिनिअरिंग हुकलं वाटतं’ अशा नजरेने बघतात. ज्या देशात महालनोबिसांनी १९३१ मध्ये कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली, तिथे हे नवलच. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बी.एस. कार्यक्रम २०२० पासून, आणि इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा २०२३ पासून आहे. जेईई लागत नाही, पात्रता परीक्षेचा टप्पा मात्र आहे. प्रवेश त्या मानाने सोपा असला तरी अभ्यास सोपा नाही, हे मुलाला आधीच सांगा. दहावीनंतर डिप्लोमा करणाऱ्यांना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहेच. आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक तर सेन्सर बसवण्याच्या कामात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

घरी सुरुवात करायला लॅपटॉप, चार-पाचशे रुपयांचं ईएसपी-३२ बोर्ड आणि एक तापमान-आर्द्रतेचा सेन्सर पुरतो. गच्चीवरच्या टाकीजवळ लावा, महिनाभर नोंदी साठवा. वीज गेली तेव्हा काय झालं, वायफाय तुटलं तेव्हाच्या नोंदी कुठे गेल्या, दुपारी तापमान अचानक का चढलं, याचा माग काढा. पायथन, एसक्यूएल आणि संभाव्यता शिकायला ‘स्वयं’ आणि ‘एनपीटीईएल’वर वर्ग फुकट आहेत. पाच-दहा हजार मोजून सहा आठवड्यांत ‘डेटा सायंटिस्ट’ करून देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा.

एक गोष्ट पालकांना पटवणं जड जातं. या क्षेत्रातली पहिली नोकरी बऱ्याचदा एसी केबिनमध्ये नसते. हेल्मेट, सेफ्टी शूज, प्लान्टमधली रात्रपाळी, कधी उसाच्या फडात उभं राहून मोबाइलची रेंज शोधणं. ‘इंजिनिअर करून हेच करायचं होतं का?’ असं घरून ऐकवलं गेलं की मुलं वर्षभरात नोकरी सोडतात आणि रिपोर्ट बनवण्याच्या कामाला लागतात. तयार साच्यातले रिपोर्ट बनवण्याचंच काम एआयच्या हाती आधी जाणार आहे. पहिली दोन वर्षं मुलाला प्लान्टमध्ये राहू द्या.

कॅप राउंडचे पर्याय भरण्याआधी निवडलेल्या दोन-तीन कॉलेजांत मुलाला घेऊन प्रत्यक्ष जा. सेन्सरची प्रयोगशाळा दाखवा म्हणा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा की प्रोजेक्टसाठी नोंदी स्वतः गोळा केल्या की इंटरनेटवरून तयार उतरवून घेतल्या. मगच क्रम लावा.