प्रवेशअर्जाच्या निमित्ताने

मुक्काम लासूर स्टेशन

चि. मंगल,

विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी अर्ज करण्याचा तुझा निश्चय ताईच्या पत्रावरून समजला आणि मनास मोठे समाधान वाटले. दाखल्यांची व नकलांची तजवीज तू करशीलच. माझे सांगणे इतकेच की, ज्या दिवशी अर्ज देण्यास जाशील, त्या दिवशी दफ्तराच्या खिडकीवरून थेट परतीच्या गाडीकडे धावू नकोस. सारा दिवस हाताशी ठेव आणि ज्या भूमीवर तुला विद्यार्जन करावयाचे आहे, ती पायी हिंडून नीट पाहून घे.

पोटूळ, दौलताबाद मागे टाकून विद्यापीठाच्या शहरात उतरलीस की प्रथम नागसेनवनात जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. आपली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती, आणि निजामाच्या अंमलात तेथील अध्यापन उर्दूतून चालत असल्यामुळे मराठी घरातील मुलाला विषयाआधी परक्या भाषेशी झुंजावे लागे. या महाविद्यालयास ज्या मिलिंद राजाचे नाव लाभले, तो भिक्षू नागसेनास शंकांमागून शंका विचारीत गेला व समाधान झाल्यावाचून थांबला नाही. गुरुजनांपुढे शंका काढण्यास तू संकोचतेस, हे मी पाहिले आहे. तो संकोच तेथेच सोडून पुढे चल.

मग विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी थांब. विद्यापीठाचे उद्घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. मात्र द्वारावर आज बाबासाहेबांचे जे नाव तू वाचशील ते लाभण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. विधिमंडळाने नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी संमत केला, आणि त्यानंतर आपल्याच मुलखात, आपल्याच गावकऱ्यांनी, दलितांच्या वस्त्या जाळल्या, माणसे मारली. हे वृत्त आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही, म्हणूनच मी ते मुद्दाम लिहितो. दरवर्षी १४ जानेवारीस दूरदूरच्या खेड्यांतून लेकुरवाळ्या स्त्रिया, वृद्ध, मजूर या द्वाराशी येऊन नतमस्तक होतात. त्यांच्यातील कित्येकांनी महाविद्यालयाची पायरी चढलेली नसते. परंतु विद्येचे मोल त्यांना जितके उमगले आहे, तितके आयती पुस्तके मिळालेल्या आपणांस क्वचितच उमगते. त्यांची मुलेमुली तुझे सहाध्यायी असतील. त्यांच्याशी स्नेह जोड, आणि त्यांच्या घरचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐक.

आत गेल्यावर ग्रंथालयात अवश्य बस. सोनेरी महाल, तेथील वस्तुसंग्रहालय, हे सवडीने पाहिले तरी चालेल. डोंगरातील बौद्ध लेण्यांची चढण मात्र त्याच दिवशी चढावी, असा माझा आग्रह आहे. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेल्या स्त्रीपुरुषांचे पुरुषभर शिल्पसमूह आहेत. सुमारे चौदाशे वर्षे त्यांच्या मुद्रेवरील श्रवणाची एकाग्रता ढळलेली नाही. सातव्यात अवलोकितेश्वर अग्नी, खड्ग, नौकाभंग इत्यादी अष्टभयांतून शरणागतांना सोडवितो. व्यापारी मार्गाने चाललेल्या वाटसरूंची भीती त्या कारागिरांनी किती जवळून जाणली असेल!

उतरताना बीबीचा मकबरा उजेडातच पाहा. वसतिगृहात जागा न मिळाल्यास बेगमपुरा व पहाडसिंगपुरा येथे विद्यार्थ्यांना खोल्या मिळतात. पाण्याची सोय व रात्रीचा रस्ता पाहूनच भाडे ठरव आणि रक्कम मला कळव. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे मी येथून पाठवीन.

तुझा,
मामा