कोण काय म्हणालं ते राहू दे

मिसिसागा
रविवार, दुपार

चि. छकुलीस,

मंडळाने तुला चिटणीस केल्याचं तुझ्या आईकडून कळलं. अध्यक्ष व्हायला माणसं मिळतात, खजिनदार व्हायलाही कुणीतरी भिडेखातर तयार होतं. चिटणीसपदाचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना चहा आठवतो. तू हो म्हणालीस, तेव्हा इतिवृत्ताची वही आता तुझी. हल्ली वही नसते, ड्राइव्हवर फोल्डर असतं, पण मी वहीच म्हणणार.

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत तिला प्रोसिडिंग बुक म्हणत. लाल कापडी पाठीचं, पानांवर छापील आकडे. तिथले एक चिटणीस प्रत्येक सभेखाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडत. सभेत न झालेला एखादा ठराव महिनाभराने त्या ओळींत दाटीवाटीने येऊन बसे. शाई वेगळी, अक्षर बारीक. शेवटच्या ओळीखाली लगेच आडवी रेघ मारायची सवय मला ते बघून लागली.

इथे आल्यावर मी दुसरं टोक गाठलं. मंडळात चिटणीस म्हणून पहिल्या वर्षी सगळं उतरवून घ्यायचो. गणपतीच्या जेवणाच्या हिशेबावरून एकाने रागाच्या भरात दुसऱ्याला ‘पावत्या कुठे गेल्या?’ असं विचारलं. ते मी नावानिशी लिहिलं आणि इमानेइतबारे सगळ्या सभासदांना ईमेल केलं. पावत्या दुसऱ्याच दिवशी गाडीत सीटखाली सापडल्या. पण माझं लिहिणं झालेलं होतं. ती दोन घरं पुढे पाच वर्षं एका पंगतीला बसली नाहीत.

काय लिहावं नि काय नाही, ते मला पुढे हेन्री रॉबर्टकडून कळलं. हा अमेरिकी लष्करातला इंजिनिअर. १८६३ साली न्यू बेडफर्डमध्ये चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्याच्या गळ्यात पडलं आणि सभा पार फिसकटली. त्या फजितीतून त्याने १८७६ मध्ये सभानियमांचं पुस्तक काढलं. कॅनडात बुरिनोचे नियमही चालतात. हे गृहस्थ ओटाव्याला हाउस ऑफ कॉमन्सचे क्लार्क होते. तुमच्या उपविधींत कुणाचं नाव आहे ते आधी बघून घे. रॉबर्टचं एक वाक्य मला उशिरा उमगलं, त्याचा मथितार्थ असा: सभेत काय झालं ते लिहा, काय बोललं गेलं ते लिहू नका.

म्हणजे हॉलवरून पाऊण तास वादावादी झाली, तरी वहीत एवढंच यावं: ‘गणेशोत्सवासाठी कम्युनिटी सेंटरचा मोठा हॉल सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी घ्यावा. डिपॉझिट ८०० डॉलरपर्यंत. सूचक, अनुमोदक अमुक. बाजूने ६, विरोधात २, ठराव मंजूर. खजिनदारांनी १५ मेपर्यंत पैसे भरावेत.’ कुणी, किती, कधीपर्यंत. हॉलला वास येतो हे कोण म्हणालं ते राहू दे.

वरती तारीख, जागा, सभा किती वाजता सुरू झाली, हजर कोण, गैरहजर कोण, कोरम होता की नाही. कुणी मधूनच उठून गेलं तर तीही वेळ टाक. कोरम मोडण्याची वेळ साधारण जेवण आल्यावरच येते.

आता ‘सर्वानुमते’ या शब्दाबद्दल. हा शब्द फार सोपा आहे, आणि तो लिहून मीच तोंडघशी पडलो. मुंबईचं एक नाटक आणायला शिलकीतले पैसे घालायचं ठरलं. तिकिटं खपणार नाहीत असं मला वाटत होतं, पण गप्प बसलो आणि ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं. तोटा आला. वार्षिक सभेत एका आजींनी विचारलं, ‘कुणालाच शंका आली नाही?’ मी उठून म्हटलं, ‘मला पटलं नव्हतं.’ त्यांनी चष्मा वर सरकवून हातातला कागद पुढे धरला. ‘सर्वानुमते लिहिलंय की हो. आणि सहीही तुमचीच.’

कायदाही त्या आजींच्याच बाजूचा. ऑन्टारियोचा २०१० चा ना-नफा संस्थांचा कायदा १९ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. त्यात सभेला हजर असलेल्या संचालकाने विरोध नोंदवला नाही, तर त्याची संमतीच धरतात. तटस्थ राहिलेल्याचीसुद्धा. गैरहजर असेल त्यालाही ठराव कळल्यापासून सात दिवसांत आपला विरोध इतिवृत्ताला जोडावा लागतो. म्हणून कुणी ‘माझा विरोध लिहा’ म्हटलं की अध्यक्षांकडे न बघता लिही. कंत्राट संचालकाच्या मेव्हण्याच्या केटरिंगला जात असेल, तर त्याने ते सांगितलं आणि चर्चेच्या व मतदानाच्या वेळी तो बाहेर गेला, हेही लिही. याने माणसं दुखावत नाहीत, उलट वाचतात.

झूमवरचं यंत्र हल्ली आपणहून सारांश काढून देतं. ते टिपण म्हणून वापर, इतिवृत्त म्हणून पाठवू नकोस. माझी पहिल्या वर्षीची खोड त्या यंत्रालाही आहे. कच्चा मसुदा दोन दिवसांत लिही, ऐकलेलं शिळं व्हायच्या आत. पुढच्या सभेत कायम झालं की मग खाडाखोड नाही. नंतर चूक निघाली तर तेव्हाच्या सभेत दुरुस्तीचा ठराव करायचा.

भाषेचं म्हणशील तर सभा मराठीत घ्या, पण ठराव इंग्रजीत लिहा. हे लिहिताना मलाही वाईट वाटतं. पण सह्या बदलायला बँकेत गेलात की निवडणुकीची नोंद मागतात, आणि काउंटरवरच्या मुलीला ‘अनुमोदक’ कळत नाही. आणि तुमचं मंडळ नोंदणीकृत चॅरिटी असेल तर ही इतिवृत्तं नोंदणी असेपर्यंत आणि ती रद्द झाल्यावरही दोन वर्षं ठेवावी लागतात. तेव्हा घर बदलताना ‘जुनी रद्दी’ म्हणून खोका टाकू नकोस. आमच्या वेळच्या एका वर्षाचं सगळं गेलं, ते तळघरात पाणी शिरून.

पहिला मसुदा झाला की मला दाखवायचा मोह होईल. दाखवू नकोस. मी कार्यकारिणीत नाही, आणि इतिवृत्त कायम व्हायच्या आत गावाला कळलं की काय होतं ते तुझ्या मामीला विचार. तिने लाडू करून ठेवलेत, शनिवारी येऊन घेऊन जा.

तुझा
मामा