एकांतातला वाद

या अंकी चिंतनासाठी तुकोबारायांचा अभंग घेतला आहे तो झाडावेलींना आणि वनातल्या जिवांना सोयरे म्हणणारा. हा ठाऊक नाही असा वारकरी सापडायचा नाही. शाळेच्या भिंतीवर, वनखात्याच्या पाटीवर त्याचा पहिला चरण रंगवलेला असतो, आणि तिथे तो शोभतोही. पण पाटीवर जागा थोडी. रंगारी पहिल्या चरणाशी थांबतो, आणि आपणही तिथेच थांबतो. अभंगाचे वर्म मात्र शेवटच्या चरणात आहे.

आमच्या दवनीवाड्याकडे या अभंगावर निरूपण झाले की एक शंका हमखास निघते. "बुवा, आपला संप्रदाय दिंडीचा, टाळकऱ्यांचा. संतांनी संगत धरायला सांगितली. मग तुकोबांना एकांत गोड का लागला?" शंका रास्त आहे, आणि इकडच्या माणसाला ती अधिक टोचते. आम्ही महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला. पालख्या वाखरीला पोचतात त्याच सुमारास इकडे धानाची रोवणी. बांधीत चिखल तयार, परं टाकलेले वाढून बसलेले. घरधनी निघणार कसा? पुष्कळांना भक्ती एकट्यानेच करावी लागते. ती उणी समजायची काय?

प्रथम श्रुती काय म्हणते ते पाहू. बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायात कथा आहे. आरंभी आत्मा पुरुषरूपाने एकटाच होता. त्याला भय वाटले. मग त्याने विचार केला, माझ्यावाचून दुसरे कोणी नाहीच, तर भ्यायचे कोणाला? भय गेले. पण पुढे श्रुती सांगते की त्याला एकट्याला करमेना, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. धान निसवल्यावर जागलीला जाणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. पहिल्या रात्री डुकरांचे भय. चौथ्या रात्री भय सरते, पण रात्र सरत नाही!

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी एकांतस्थळाचे सेवन आणि जनसमुदायाची नावड ही दोन्ही घातली आहेत. पण त्याच श्लोकाचा पूर्वार्ध अनन्य भक्तीचा आहे, हे वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. भक्ती आधी, एकांत मागून. नुसता एकांत चोरालाही लागतो.

आता अभंगाकडे वळू. भावकी जन्माने मिळते, सोयरीक मात्र जुळवावी लागते. तुकोबांनी झाडांना भावकी म्हटले नाही, सोयरे म्हटले. पुढे ते म्हणतात की इथे गुणदोष अंगाला लागत नाहीत. दोष लागत नाहीत हे कळते. गुण का नकोत? कारण गुणही लोकांनीच चिकटवायचे असतात. कीर्तनकाराला निंदेपेक्षा वाहवा अधिक जड जाते, हे आमच्या धंद्यातल्या जाणत्यांना ठाऊक आहे. आकाशाचा मांडव, पृथ्वीचे आसन, कंथा-कमंडलू, वेळ सांगणारा वारा, हे चरण सरळ आहेत. मग येते हरिकथेचे भोजन. रांधणारा तोच, वाढणारा तोच, आवडीने जेवणाराही तोच. म्हणजे कथा आहे, पण श्रोता नाही.

आणि शेवटी मनाशी संवाद, व आपला आपल्याशी वाद. हे दोन शब्द एकाच अर्थाचे समजून पुष्कळ लोक पुढे सरकतात. न्यायशास्त्रात कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून होते तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा नुसता खोडून काढायचा ती वितंडा. चारचौघांत वाद म्हणून सुरू झालेले बोलणे जल्पावर जायला वेळ लागत नाही, कारण बघणारे असतात. एकांतात बघणारे नाहीत. हरलो तरी लाज नाही, जिंकलो तरी हार घालायला कोणी नाही. म्हणून खरा वाद तिथेच संभवतो. मन लबाड आहे, ते तिथेही जल्प मांडून पाहते. पण ऐकणाराही आपणच असल्याने ते लवकर उघडे पडते. श्रुतीतल्या एकट्याला करमेना, तुकोबांना करमले. का? त्यांच्याजवळ कथा होती आणि हा वाद होता.

हा एकांत हौसेचा नव्हता, हेही ध्यानी घ्यावे. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची थोरली पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. देहूच्या आसपासचे भंडारा, भामचंद्र आणि घोरवडेश्वर हे डोंगर त्यांच्या एकांताशी परंपरेने जोडले आहेत. जिजाई भाकर घेऊन डोंगर चढत असे, असेही परंपरा सांगते. एकाचा एकांत दुसऱ्याच्या पायांवर उभा असतो. घर टाकून डोंगराकडे निघू पाहणाऱ्याने तिचे पाय आठवावेत. तुकोबाही डोंगरावर राहिले नाहीत. खाली देहूत, देवळात, लोकांपुढे उभे राहिले. मुंबई सरकारने १८६९ ते १८७३ या काळात छापवून घेतलेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. त्यांत स्वतःलाच खडसावणारे, स्वतःच्या उणिवा मोजणारे कितीतरी सापडतात. ते कोणाला उपदेश म्हणून बोललेले वाटत नाहीत. तरी कीर्तनात त्यांतला एखादा लागला की मागच्या रांगेतला म्हातारासुद्धा मान खाली घालतो.

जनाबाईला तर डोंगरही नव्हता. नामदेवांच्या घरची ती दासी. पहाटेचे जाते हाच तिचा एकांत, आणि दळताना पांडुरंग हाताशी आला असे तिच्या अभंगांत आहे. तेव्हा रोवणीत वाकलेल्या बाईने किंवा मचाणावरच्या जागल्याने आपली वारी चुकली म्हणून खंत करीत बसू नये. गळा नसला तरी चालेल, ओठांतल्या ओठांत म्हणावे, आणि शेवटच्या चरणाशी आल्यावर थोडे थांबावे.

हरिकथेचे नाना प्रकार करून सेवायचे म्हणजे काय, हा चरण विस्ताराचा आहे. तो पुढील अंकी घेऊ.