कौटिल्याचे षाड्गुण्य आणि हैदराबादचे परराष्ट्र धोरण

बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या राज्याने आपले अस्तित्व कसे टिकवावे, हा राज्यशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रातील ‘आबलीयस’ हे बारावे अधिकरण केवळ दुर्बल राजासाठी योजिले आहे. म्हैसूर येथे पंडित शामशास्त्री यांनी हा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रकाशित केली आणि हा विचार अभ्यासकांना सुलभ झाला.

या सिद्धान्ताची प्रचिती पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम व त्याचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाच्या परराष्ट्र व्यवहाराचा इतिहास त्या दृष्टीने बोधप्रद आहे.

सहा गुण, सात अंगे

राज्याराज्यांतील व्यवहाराचे कौटिल्याने सहा प्रकार सांगितले आहेत. करार करणे हा संधी, वैर पत्करणे हा विग्रह, स्वस्थ राहणे हे आसन, चाल करून जाणे हे यान, दुसऱ्याचा आश्रय घेणे हा संश्रय आणि एकाशी संधी करून दुसऱ्याशी विग्रह चालविणे हा द्वैधीभाव होय. यांपैकी कोणता मार्ग केव्हा स्वीकारावा, हे राज्याच्या अंतर्गत बळावर अवलंबून असते. हे बळ स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र या सात अंगांत सामावलेले आहे. या क्रमात आधीच्या अंगावरील संकट नंतरच्या अंगावरील संकटापेक्षा अधिक गंभीर मानले आहे. म्हणजे प्रदेश व प्रजा मिळून होणारे जनपद तिसरे, तर मित्र सर्वांत शेवटी येतो.

संश्रयाची किंमत

१७९५ मध्ये खर्डा येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या प्रसंगी इंग्रज तटस्थ राहिले. तरीही १७९८ मध्ये निजामाने त्यांच्याशीच तैनाती फौजेचा तह केला. कौटिल्याच्या परिभाषेत हा संश्रय होय. शत्रूशी युद्ध जुंपले असता घेतलेला आश्रय वगळल्यास, अतिबलाढ्य राजाशी संगत करणे हा राजांच्या दृष्टीने मोठा दोष आहे, असा इशारा त्याने दिलेला आहे. हैदराबादला त्याचा अनुभव आला. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती गेला आणि १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत त्यांच्या ताब्यात द्यावा लागला.

आसनाचा दुरुपयोग

१९४७ मध्ये आश्रयदाताच निघून गेला. सर्व बाजूंनी भारताने वेढलेल्या आणि समुद्रकिनारा नसलेल्या या संस्थानाने स्वतंत्र राहण्याचा निर्धार केला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. हा काळ आसनाचा होता. अशा काळात स्वतःची उणीव भरून काढावी, असे शास्त्र सांगते. हैदराबादची खरी उणीव जनपदात होती. बहुसंख्य प्रजेला राज्यकारभारात स्थान नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील होण्याच्या मागणीसाठी आंदोलन सुरू झाले होते. या प्रजेला जवळ करण्याऐवजी, लातूर येथे वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकार संघटनेला मोकळीक देण्यात आली. गावोगाव अत्याचार झाले. सीमेलगत स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरे उभी राहिली.

दरिद्री, गांजलेली व विरक्त प्रजा शत्रूला जाऊन मिळते, असे कौटिल्याने बजावले आहे. येथे तर भारत हा प्रजेच्या दृष्टीने शत्रू नव्हताच. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. सहा अंगे खिळखिळी झाल्यावर सातव्या अंगाचा, म्हणजे मित्राचा, हा शोध होता. १३ सप्टेंबर रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या आणि नळदुर्ग घेऊन उमरग्याच्या दिशेने सरकल्या. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली.

नेपाळचे उदाहरण

दोन प्रबळ राजांच्या मध्ये असणाऱ्याने, रक्षण करण्यास समर्थ असेल त्याचा किंवा प्रसंगी दोघांचाही आश्रय घ्यावा, असेही अर्थशास्त्रात म्हटले आहे. नेपाळने १९५० मध्ये भारताशी मैत्री करार केला, १९५५ मध्ये चीनशी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले व १९६१ मध्ये चीनशी सीमा करार केला. मात्र १९८९ मध्ये भारताशी असलेले व्यापार व वाहतूक करार संपुष्टात येताच तेथे इंधनटंचाई भासली. दोन शेजाऱ्यांमधील समतोलालाही भूगोलाच्या मर्यादा असतात, हे यावरून दिसून येते. परंतु हैदराबादप्रमाणे त्या देशाचे अस्तित्वच प्रजेने नाकारले नव्हते, हा महत्त्वाचा फरक आहे.

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा केला जातो. करार, आश्रय आणि तक्रारी यांच्या बळावर तरू पाहणारे राज्य प्रजेच्या अभावी टिकले नाही, हा त्या दिवसाचा राजनीतीच्या दृष्टीने अर्थ आहे. लहान राष्ट्राच्या परराष्ट्र धोरणाचा प्रारंभ त्याच्या सीमेवर नव्हे, तर मुरुमसारख्या त्याच्या गावांत होतो, असेच यावरून म्हणावे लागेल.