जेडच्या बेचक्यातला कापूस

चि. भाचेबाईंस,


फोटो पोचला. जेडच्या पानांच्या बेचक्यात कापूस अडकल्यासारखं दिसतंय, खालची पानं चिकट चमकतायत आणि कुंडीच्या काठावरून मुंग्यांची रांग वर चाललीय. फोटोखाली भाचेबाईंचा बेत: ‘उद्या भांड्यांचं लिक्विड पाण्यात घालून फवारते.’

भाचेबाईंनी ती बाटली आधी सिंकपाशी परत ठेवावी. मामाने हा उद्योग एका मे महिन्यात, भर दहाच्या उन्हात करून पाहिलाय. आठवड्याभरात पानांवर तपकिरी डाग पडले, अर्धी पानं गळाली आणि कीड मात्र बेचक्यात सुखरूप राहिली. जेडच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारं हे झाड त्या थराच्या जोरावर पाणी राखतं. साबण नेमका तोच थर खरवडतो. कडुनिंबाचं तेल फवारून कुंडी उन्हात ठेवली तरी पानं भाजतात.

आणि मुळात कीड आहे का, हे तरी नक्की करावं. जेडच्या पानावर बारीक, टणक पांढरे ठिपके दिसतात तेव्हा नवखा माणूस हमखास घाबरतो. पान स्वतःच्या छिद्रांतून जादा पाणी बाहेर टाकतं, ते सुकलं की मागे क्षार उरतात. ओल्या फडक्याने पुसले की गेले. एचेव्हेरियाच्या पानांवरची राखाडी पावडर ही तर त्या झाडाची स्वतःचीच. ती पुसायची नसते, कारण त्या पानावर पुन्हा येत नाही. फोटोतला ऐवज यातला नाही. भिंगाखाली तो कापूस पाय हलवील. तीनेक मिलिमीटरचं लांबट अंग, त्यावर पीठ भुरभुरल्यासारखं, कडेने मेणाच्या झालरी. हा पिठ्या ढेकूण. दिसते ती मादी. तिला पंख नसतात. नर चिलटाएवढा, पंखवाला. त्याला खायला तोंडच नसतं, दोन-तीन दिवसांत त्याचा कारभार आटोपतो. कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी असतात.

ओळख चुकली की काय होतं, याचा एक जुना किस्सा. पिठ्या ढेकणाच्या नात्यातला एक किडा निवडुंगावर वाढतो आणि त्यापासून किरमिजी रंग निघतो. त्या रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता, म्हणून इंग्रजांनी १७९५ मध्ये ब्राझीलहून कलकत्त्याला किडे आणवले. आले ते दुसऱ्याच जातीचे. रंग हलका निघाला, पण किडा निवडुंगावर असा तुटून पडला की १८३६ ते १८३८ च्या सुमारास तोच किडा दक्षिण भारतात निवडुंग हटवायला मुद्दाम सोडला गेला. पाणी साठवणारी झाडं या कुळाला किती मानवतात, ते यावरून कळावं.

बाकीच्या मंडळींची ओळख थोडक्यात. खोडाला चिकटलेली तपकिरी टिकली नखाने खरवडून निघाली तर ती खवले कीड. कोवळ्या फुटव्यावर किंवा फुलांच्या दांडीवर हिरवे-काळे ठिपके गर्दी करून बसले तर मावा. पान निस्तेज, खरखरीत आणि बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. फांदी पांढऱ्या कागदावर झटकली की ठिपके चालू लागतात. ओल्या मातीवर उडणारी चिलटं ही पाणी जास्त होतंय याची तक्रार समजावी.

आता उपाय. कुंडी बाकीच्या झाडांपासून दूर, सावलीत न्यावी. मेडिकलमधून सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावं. सॅनिटायझरची जेल चालत नाही. आधी एकाच पानाला लावून दोन दिवस थांबावं. पान ठीक राहिलं तर संध्याकाळी इअरबड भिजवून प्रत्येक ढेकणाला टेकवावा; मेण विरघळतं आणि तो तपकिरी पडतो. बेचकं, पानाची खालची बाजू, खोडाची भेग, सगळीकडे. कंटाळवाणं काम आहे. अंड्यांना यातून पुष्कळदा काही होत नाही आणि ती आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर सहा-सात दिवसांनी हेच पुन्हा, निदान चार वेळा. दुसऱ्या खेपेनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि माणूस ढिला पडतो. मामा तिथेच फसला होता.

मुंग्यांकडे काणाडोळा नको. ढेकूण रस पिऊन जो गोड चिकटा टाकतात त्यासाठी मुंग्या येतात आणि त्या बदल्यात ढेकणांच्या शत्रूंना हुसकावतात. आजीच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे, तसंच करावं: पसरट ताटलीत पाणी, मध्ये वीट, विटेवर कुंडी. पाणी कुंडीच्या बुडाला लागू नये.

एवढं करूनही कीड परत आली तर झाड कुंडीतून उपसून मुळं पाहावीत. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी दिसली तर ढेकूण जमिनीखाली आहेत. माती पूर्ण धुऊन काढावी, सडकी मुळं छाटावीत, झाड तीन-चार दिवस सावलीत वाळवावं आणि नव्या, भुसभुशीत मिश्रणात लावून आठवडाभर पाणी देऊ नये. जुनी माती पिशवीत बांधून कचऱ्यात. तुळशीच्या कुंडीत अजिबात नाही.

गॅलरीत कधी ढेकणासारखाच पांढरा, पण चांगला मोठा आणि तुरुतुरु पळणारा किडा दिसला तर त्याला मारू नये. ती एका ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची अळी असू शकते. १८९८ मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी तो भारतात आणला, आज द्राक्षबागांत पिठ्या ढेकणावर सोडतात. पोशाख ढेकणाचा, खाणंही ढेकणाचंच.

भिंग आजच कुरियरने टाकलंय. मिळालं की आधी त्यातून कापसाचा फोटो पाठवावा, इअरबड नंतर.

तुझा,
मामा