मागच्या पट्टीवरचा आकडा

पायोनिअरचा एसएक्स-७८० हा रिसीव्हर १९७८ सालचा. पुढून चकचकीत अॅल्युमिनियम, ट्यूनिंगचं जड चाक, उजळणारा डायल, वॉट दाखवणारे काटे. दर चॅनेलला ४५ वॉट. वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे तो अमेरिकेतल्या पुतण्याच्या सामानातून आला, तेव्हा घरच्यांनी कौतुक केलं ते या पुढच्या रूपाचं. मागे, वायर आत शिरते तिथे, बारीक अक्षरांत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असं छापलेलं होतं. ते कोणी वाचलं नाही.

चपट्या दोन पिनांचा प्लग सॉकेटात बसेना, म्हणून वायरमनने तो कापला, आपला थ्री-पिन टॉप लावला आणि बटण दाबलं. डायल क्षणभर भगभगला आणि विझला. आतला फ्यूज गेला होता. नुकसान इथवर किरकोळ होतं. फ्यूजने त्याचं काम चोख केलं होतं. पण उडालेल्या फ्यूजवर आपल्याकडे एकच औषध माहीत, तांब्याची तार. "टाकून देतो ना गुरुजी, किती वेळ लागते!" दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा झाकणाच्या जाळीतून जळक्या वार्निशचा वास आला.

आता वर्ध्यात कुणाकडे असा जुना सेट आला की गुरुजींना विचारणा होते, आणि ते आधी सेट उलटा फिरवायला सांगतात. निर्यातीसाठी बनलेल्या अनेक मॉडेलांना मागे व्होल्टेज निवडायची चकती असते. तिच्यावर २२० आणि २४० दोन्ही असतील, तर २४० ठेवावं, कारण रात्री लोड उतरला की आपला सप्लाय चढतो. चकतीच नसेल, नुसतं १२० किंवा जपानी घरगुती सेटवर असतं तसं १०० लिहिलेलं असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरला पर्याय नाही. तो पट्टीवरच्या वॉटच्या निदान दीडपट क्षमतेचा हवा. परदेशवारीत इस्त्रीसाठी नेतात तो हलका कन्व्हर्टर इथे चालत नाही. आणखी एक बारकावा: ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झसाठी बांधलेला गाभा आपल्या ५० वर जास्त तापतो. म्हणून १२० च्या सेटला ११० दिले तर बिघडत नाही, उलट बरंच.

गुरुजींच्या सेटमधला जळालेला ट्रान्सफॉर्मर मात्र इथेच दुरुस्त झाला. शेतीपंपांच्या मोटारी भरणारे रिवाइंडिंगवाले या भागात पुष्कळ. त्यांना प्रायमरी २३० ची भरून द्यायला सांगितलं, की स्टेप-डाउनची भानगडच मिटते. फक्त सर्किट डायग्राम सोबत न्यावा. सेकंडरीचे व्होल्ट त्याच्याशी ताडून मगच सेट जोडावा. याच नालवाडीत १९३४ साली विनोबा भाव्यांनी ग्रामसेवा मंडळ उभं केलं, हाताने चालणाऱ्या आणि हाताने दुरुस्त होणाऱ्या साधनांचा आग्रह धरून. जपानी रिसीव्हर त्यांना पसंत पडला असता असं नाही, पण स्क्रू काढला की आतला एकेक भाग दिसतो आणि बदलता येतो, ही त्या काळच्या यंत्रांची सोय आजच्या साउंडबारमध्ये नाही, हे खरंच.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब लावावा. वायरमनच्या सिरीज बोर्डवर ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब असतो तोच, एलईडी नको. सेट स्टेप-डाउनवर असेल तर बल्ब त्याच्या अलीकडे, २३० च्या बाजूला. स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर. बल्ब एकदा उजळून मंदावला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलांवर लावावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट गेलेला असतो, आणि असा सेट स्पीकरची कॉइल भाजून काढतो. ही तपासणी पाच मिनिटांची. लोक नेमकी हीच टाळतात आणि वूफर बदलत बसतात.

सगळं बरोबर असून आवाज येत नाही, असंही होतं, आणि मेकॅनिक त्याचे पैसे घेतात. टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं असतं: रिसीव्हर न जोडलेल्या कॅसेट डेककडून आवाजाची वाट पाहत बसतो. काही सेटांना मागे प्री-आउट आणि मेन-इन जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पिना असतात. साफसफाईत त्या हरवल्या की आतली वाटच तुटते. साध्या आरसीए वायरने त्या जागा जोडल्या की काम होतं. खरखरणाऱ्या व्हॉल्यूमला कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, बिजागरीला घालतात ते तेल नव्हे.

मोबाइल किंवा ब्लूटूथचा रिसीव्हर ऑक्समध्ये लावावा. फोनो हे नाव पाहून कुणीकुणी फोन तिथेच जोडतो आणि फाटका, घुमणारा आवाज ऐकून सेटला नावं ठेवतो. फोनो ही मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या काही मिलिव्होल्टसाठीची जागा. जुन्या सुटकेस प्लेयरमधली सिरॅमिक कार्ट्रिज त्याहून कितीतरी जोरात बोलते, तीही ऑक्सलाच.

उरला रेडिओ. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झ मीडियम वेव्हवर चाक फिरवून सहज लागतं. पण अमेरिकेतला डिजिटल ट्यूनर १०-१० च्या टप्प्यांनी चालतो. त्यात ५८० आहे, ५९० आहे, ५८५ नाही. आपल्याकडे टप्पा ९ चा. एफएमवरही काही अमेरिकी ट्यूनर १००.५ वरून थेट १००.७ वर उडी मारतात आणि विविध भारतीचं १००.६ मधल्या मध्ये राहतं. जुना जपानी घरगुती सेट तर ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकतो. नव्वदच्या वरची स्टेशनं त्याच्या गावीही नसतात. म्हणून आपल्याकडे विकत घ्यायचा तर चाकाचा, अॅनालॉग, १०८ पर्यंतचा सेट घ्यावा. अँटेना म्हणून चपट्या ३०० ओहम वायरचा सुमारे दीड मीटरचा टी पुरतो, पण नागपूर जवळपास ७५ किलोमीटर. एफएम स्वच्छ हवं तर तो छतावर न्यावा, आणि पावसाळ्यात वीज कडाडू लागण्याआधी सेटपासून सोडवावा.

वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वाळतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. रिसीव्हर बंद शोकेसमध्ये कोंबू नये, वर क्रोशाचा रुमाल आणि गणपतीची मूर्ती ठेवू नये, जाळी मोकळी असू द्यावी. ४ ओहमचे स्पीकर किंवा ए आणि बी अशा दोन जोड्या एकदम उन्हाळ्यात तरी लावू नयेत. एसएक्स-७८० मध्ये आउटपुटला एसटीके-००५० नावाच्या जाड आयसी आहेत. त्यांचं उत्पादन केव्हाच थांबलं. बाजारात याच नावाचा नकली माल फिरतो आणि तो पूर्ण आवाजावर टिकत नाही. भंगारात निघालेल्या सेटमधून काढलेली अस्सल आयसी मिळाली तर ती घ्यावी, आणि ती बसवल्यावर सिरीज बल्ब पुन्हा पहिल्यापासून लावावा.