न दिसणाऱ्या ताऱ्यांची मोजदाद

एका अंधाऱ्या खोलीत पाच-सहा घड्याळे टिकटिक करीत आहेत, अशी कल्पना करा. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण प्रत्येकाच्या टिकटिकीचा वेग निराळा असेल, तर नुसते लक्ष देऊन ऐकल्याने घड्याळे किती, हे सांगता येईल. शेजारच्या एका दीर्घिकेतील क्ष-किरण स्पंदक शास्त्रज्ञांनी याच युक्तीने शोधून काढले.

ही दीर्घिका म्हणजे मॅगेलनचा लहान मेघ. तिचे अंतर सुमारे २ लाख प्रकाशवर्षे. ती आकाशाच्या दक्षिण ध्रुवाजवळ असल्यामुळे मुंबई-पुण्याहून कधीच क्षितिजावर येत नाही.

आता स्पंदक म्हणजे काय ते पाहू. दोन ताऱ्यांची एक जोडी आहे. एक निळा, तप्त तारा. तो इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतो की त्याच्या विषुववृत्ताभोवती वायूची तबकडी तयार होते. दुसरा न्यूट्रॉन तारा. व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर, पण वस्तुमान सूर्याहून अधिक. तो तबकडीजवळून जाताना तेथील वायू ओढून घेतो. हा वायू त्याच्या चुंबकीय ध्रुवांवर कोसळतो, कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात. तारा फिरत असल्याने, दीपगृहाच्या झोताप्रमाणे, ते आपल्याला ठराविक काळाने उजळताना दिसतात. हाच त्याचा स्पंदनकाल.

क्ष-किरण वातावरणातून जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून उपग्रह हवा. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेला 'रॉसी' उपग्रह या कामी आला. त्याचा मुख्य शोधक चित्र काढीत नसे. आकाशाच्या सुमारे एक अंश भागातून आलेले सारे क्ष-किरण तो एकत्रच मोजी. मात्र कोणता किरण केव्हा आला, याची नोंद अत्यंत अचूक असे.

१९९७ मध्ये या मेघाकडे पाहताना त्याच्या नोंदींत एकाच वेळी ४६.६, ७४.८ आणि ९१.१ सेकंदांचे ठोके सापडले. येथे एक पेच होता. ९१.१ हा आकडा ४६.६ च्या दुपटीच्या जवळचा आहे. मग दोन्ही ठोके एकाच ताऱ्याचे तर नसतील? गणित करा. नेमकी दुप्पट म्हणजे ९३.२ सेकंद, तासाभरात असे ३८.६ ठोके पडतील. ९१.१ सेकंदांनी मात्र ३९.५ पडतात. तासात जवळजवळ एका ठोक्याचा फरक! अर्थात स्पंदक निराळे, एकूण तीन.

असे स्पंदक अधूनमधूनच जागे होतात. म्हणून पुढे २०१२ च्या आरंभी उपग्रहाचे काम संपेपर्यंत या मेघावर वर्षानुवर्षे नियमित पाळत ठेवली गेली. इतर उपग्रहांनी त्यांच्या नेमक्या जागा निश्चित केल्या. आज तेथे साठाहून अधिक स्पंदक ज्ञात आहेत.

आपल्या आकाशगंगेहून निदान पन्नासपट हलक्या दीर्घिकेत इतके स्पंदक कसे? अशा जोड्यांचे आयुष्य काही कोटी वर्षांचेच असते. तेव्हा आज त्या पुष्कळ दिसतात याचा अर्थ, सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी तेथे मोठे तारे भराभर जन्मले असले पाहिजेत. शेजारच्या मोठ्या मेघाच्या गुरुत्वाकर्षणाने वायू ढवळला गेल्याचा हा परिणाम असावा.

नुसते ठोके मोजता मोजता एका दीर्घिकेचा इतिहास हाती लागला, तो असा!